पाठकोरे कागद

कारकूनबाईंनी प्रिंटरशेजारच्या ट्रेमध्ये हात घातला, तर हाताला नुसता पत्रा लागला. त्यांनी वाकून पाहिले. ट्रे रिकामा होता.

“मामा, इथले पाठकोरे कुठं गेले?”

शिपाईमामा स्टुलावर चढून खिडकीच्या काचा पुसत होते. दुपारी तीनला पालक येणार होते, म्हणून सकाळपासून शाळेची घासपूस चालली होती.

“दुसरीच्या बाईंनी नेले की शुक्रवारी. पोरांना चित्रं काढायला.”

“सगळे?”

“सगळे. म्हटलं न्या. आपल्याकडं कागदाला काय तोटा? एकाच बाजूनं लिहिणारी माणसं काही संपत नाहीत.”

मामा स्वतःच्या विनोदावर हसले. कारकूनबाईही एरवी हसल्या असत्या. सूचनेच्या प्रती काढायला त्यांनी कोऱ्या कागदांचे पुडके ओढले, त्याचे वेष्टन फाडले आणि तेवढ्यात त्यांचा हात थांबला. गुरुवारचे काहीतरी त्यांना आठवायला लागले होते.

कार्यालयाच्या दारावर आतल्या बाजूने एक पाटी होती: ‘कागदाला दोन बाजू असतात.’ मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शाळेचा ताबा घेतला त्या वर्षी ती स्वतः रंगवून लावली होती. एका बाजूने छापलेला, मागून कोरा राहिलेला एकही कागद या शाळेत केरात जात नसे. तो उलटा करायचा, कडा जुळवायच्या, ट्रेमध्ये ठेवायचा. कारकूनबाई सतरा वर्षे हे करत होत्या. चहाचा कप ठेवताना बशी पुढे करावी, तसा आताशा त्यांचा हात आपोआप चालत असे.

गुरुवारी त्यांनी मुंगीचा फॉर्म टाइप केला होता.

मुंगी हे दुसरीच्या बाईंनी ठेवलेले नाव. ती मुलगी वर्गात सगळ्यांत लहान होती आणि वऱ्हांड्यातून चालताना नेहमी भिंतीच्या कडेकडेने जायची. सहा महिन्यांपूर्वी आई तिला घेऊन आली, तेव्हा तिच्या हातात न्यायालयाच्या आदेशाची प्रत होती. मुलीच्या वडिलांना राहती जागा कळता कामा नये, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ते का लिहावे लागले, हे आईच्या डाव्या मनगटाकडे पाहिले की कळत होते. ते सरळ होत नव्हते. आईने फॉर्म हाताने भरला, भरताना तीन वेळा दाराकडे पाहिले आणि मग विचारले होते, “हा कुठं ठेवणार?”

“कुलपात,” कारकूनबाई म्हणाल्या होत्या. “किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक मोठ्या बाईंकडे.”

तसा तो राहिलाही होता. इतर मुलांची माहिती संगणकात गेली, मुंगीची नाही. मात्र येत्या आठवड्यात तपासणी होती आणि आईचे अक्षर कोणाला लागत नव्हते, म्हणून मोठ्या बाईंनी टाइप केलेली एक प्रत करायला सांगितले. कारकूनबाईंनी कार्यालयाचे दार लावून घेतले. फॉर्म टाइप केला, छापला, जतन न करताच बंद केला. प्रत खाकी पाकिटात घातली, पाकीट कपाटात ठेवले, कुलूप दोनदा ओढून पाहिले. कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नव्हती.

फक्त पहिल्या प्रतीवर रोलरची काळी रेघ उमटली होती. म्हणून त्यांनी दुसरी काढली होती.

पहिलीचे काय केले?

त्यांनी कपाट उघडले. पाकिटात एकच टाइप केलेली प्रत होती आणि ती स्वच्छ होती. केराची टोपली पाहण्यात अर्थ नव्हता, तरी त्यांनी ती पाहिली. मग टेबलाचे तिन्ही खण. फाडल्याचे आठवत नव्हते. उलटा करून ट्रेमध्ये ठेवल्याचेही आठवत नव्हते, आणि त्यांना भीती वाटली ती त्याचीच. मुद्दाम केलेली गोष्ट माणसाला आठवते. रोजची आठवत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी त्या माणसाचा फोन आला होता. आवाज मऊ, बोलणे अदबीचे. तो एकेका शाळेला फोन करत असावा. “माझी मुलगी तुमच्याकडे आहे का, एवढंच सांगा. बाप आहे हो मी.” कारकूनबाईंनी ठरलेले वाक्य ठरलेल्या आवाजात म्हटले: कोणत्याही विद्यार्थ्याची माहिती आम्ही फोनवर देत नाही. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही. फोन ठेवण्याआधी तो हलकेच हसला होता. “बघू. शाळेतून काही ना काही बाहेर पडतंच, बाई.”

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

“बाई, काय झालं? पांढऱ्या पडलात,” मामा स्टुलावरून म्हणाले.

“काही नाही. दार ओढून घ्या. कोणी आलं तर मी दुसरीत आहे.”

---

दुसरीच्या वर्गाबाहेर, वऱ्हांड्याच्या दोन खांबांमध्ये सुतळी बांधून तयार होती. सुतळीवर कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे ओळीने लावले होते. दुसरीच्या बाई तरुण होत्या आणि त्यांना प्रत्येक कामाचा उत्साह असे. त्या सुतळीची गाठ आवळत होत्या.

“बघा, कशी दिसेल!” त्या म्हणाल्या. “चौतीस घरं. वाऱ्यावर हलणारी. विषयच दिलाय, माझं घर. पालक खालून जातील, फोटो काढतील. भिंतीवर डकवण्यापेक्षा हे किती छान, नाही का?”

कारकूनबाईंनी सुतळीकडे पाहिले. तिच्यावर लटकलेला कागद दोन्ही बाजूंनी दिसणार होता.

“चित्रं कुठंयत?”

“टेबलावर. का हो?”

कारकूनबाईंनी हळू आवाजात चार वाक्यांत सांगितले. चौथे वाक्य संपेपर्यंत दुसरीच्या बाईंनी गाठ सोडून दिली होती.

मुले मैदानावर खेळाच्या तासाला गेली होती. दोघी शिक्षकांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या आणि एकेक चित्र उलटून पाहू लागल्या. पहिल्या घराला लाल छप्पर होते, मागे जुने वेळापत्रक. दुसऱ्या घराला आठ खिडक्या, मागे सहलीची सूचना. तिसऱ्या घरासमोर एक माणूस घरापेक्षा उंच उभा होता. मागे एका पालकाच्या अर्जाची झेरॉक्स होती: ‘पत्नी रुग्णालयात असल्याने मुलाला सोडायला उशीर होतो, तरी कृपया...’ खाली सही, सहीखाली फोन नंबर.

कारकूनबाई तिथे थांबल्या.

चौथ्यामागे डोळे तपासलेल्या मुलांची यादी होती, कोणाला चष्मा लागेल ते नावानिशी. पाचव्यामागे तिसरीच्या वर्गाचे सगळे पत्ते. दहाव्यामागे कोणाचे कोण वारले आहे याची, सवलतीसाठी केलेली नोंद. हे सगळे त्यांनीच छापले होते. एखादे अक्षर चुकले, शाई कमी पडली, मथळा सरकला, म्हणून दुसरी प्रत काढली होती. पहिली पाठकोरी झाली होती. सतरा वर्षे मुले या कागदांवर घरे, मासे, विमाने काढून घरोघरी नेत होती आणि त्या घरांतल्या भिंतींवर ती लागत होती.

“हे... नेहमीच असं असतं?” दुसरीच्या बाईंनी विचारले.

कारकूनबाई मोजत होत्या. एकतीस, बत्तीस, तेहतीस.

“एक कमी आहे.”

“मुंगीचं. तिनं दिलंच नाही. शुक्रवारी सगळ्यांनी दिली, ही नुसती बसून. आज पुन्हा विचारलं, तर मान हलवते. मी चिडले हो तिच्यावर. म्हटलं, घर काढायला काय लागतं? चार रेघा.” त्यांनी ओठ चावला. “तिला मी घर काढायला सांगितलं.”

“तो कागद तिच्याच वाटणीला आला असेल असं नाही,” कारकूनबाई म्हणाल्या. “चौतीस मुलं आहेत. कोणी घरी नेला असेल. कोणी त्याची होडी केली असेल. कागद वाटले कोणी?”

“रेडिओनं.”

---

रेडिओला मैदानावरून बोलावून घेतले. ती सात वर्षांची, दोन पुढचे दात पडलेली मुलगी होती. हे नावही बाईंनीच ठेवले होते, कारण ती सकाळच्या घंटेला सुरू होत असे आणि शाळा सुटल्यावरही तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू येई. वर्गात कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचे बाबा घोरतात, कोणाच्या मावशीचे लग्न मोडले, हे शिक्षकांच्या खोलीत तिच्याकडूनच कळत असे. तिच्यामागून, भिंतीच्या कडेने, मुंगीही आली. तिला कोणी बोलावले नव्हते.

“तू शुक्रवारी कागद वाटलेस ना?” कारकूनबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. “त्यातल्या एका कागदावर मागे मुंगीचं नाव होतं का गं? आठवतं?”

“होतं की!” रेडिओ लगेच म्हणाली. “तो माझ्या वाट्याला आला होता. मग मी वाचला. तर त्याच्यावर मुंगीचं नाव. मग मी म्हटलं, नाव तिचं तर कागद तिचा. म्हणून तिला दिला आणि तिचा मी घेतला. त्याच्यावर काही नव्हतं, नुसतं वेळापत्रक.”

दुसरीच्या बाईंनी रोखलेला श्वास सोडला.

“पूर्ण वाचलास?” कारकूनबाईंनी विचारले.

“सगळा! जोडाक्षरंसुद्धा. बाई, मला आता सगळं वाचता येतं, आजीला विचारा. म्हणून दाखवू? पाण्याच्या टाकीमागं, दुसरी गल्ली, तिसरा मज...”

मुंगीने पुढे होऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. जोरात नाही. उकळत्या भांड्यावर झाकण ठेवावे, तसा.

रेडिओ बोटांच्या फटींतून म्हणाली, “अगं, बाईंनाच सांगतेय! बाई काय बाहेरच्या आहेत?”

मुंगीने हात काढला नाही. ती कारकूनबाईंकडे पाहत होती.

“अजून कोणाला म्हणून दाखवलंस?” कारकूनबाईंनी विचारले. “घरी? आजीला? रिक्षावाल्या काकांना?”

रेडिओने नाही म्हणून मान हलवली. मग मुंगीचा हात बाजूला करून म्हणाली, “ही म्हणाली, सांगायचं नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार झाले.” तिने बोटे मोजून दाखवली. “पोटात दुखायला लागलं माझ्या.”

दुसरीच्या बाईंना हसू आले आणि त्यांनी तोंड फिरवले. कारकूनबाईंना हसू आले नाही. तीन दिवस. पुढचे किती?

“जा, खेळ जा,” दुसरीच्या बाई रेडिओला म्हणाल्या. ती गेली. मुंगी थांबली.

“कागद कुठंय, बाळा?”

मुंगी बाकावर बसली आणि तिने उजव्या पायातला बूट काढला. पायमोजा खाली सरकवला. घोट्याशी आठ घड्यांचा एक चौकोन होता, घामाने मऊ झालेला. तो तिने कारकूनबाईंच्या हातात दिला आणि पायमोजा पुन्हा नीट वर ओढला.

कारकूनबाईंनी घड्या उघडल्या. कोऱ्या बाजूवर काहीच नव्हते, एक रेघही नाही. त्यांनी कागद उलटला. छापील बाजू वरपासून खालपर्यंत काळ्या तेलखडूने भरली होती. एवढा दाब देऊन की, जागोजागी कागद खरवडला गेला होता. कडेलाही पांढरे सुटले नव्हते. वर्गातल्या कोणत्याच चित्रात इतके नीट रंगकाम नव्हते.

“अजून दिसतं का?” मुंगीने विचारले. सहा महिन्यांत कारकूनबाईंनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

त्यांनी कागद खिडकीकडे धरला. मागून उजेड आला आणि काळ्यातून छापलेली अक्षरे वर आली. उलटी, पण स्पष्ट. टाकी. गल्ली. मजला. आई कामाला होती त्या बेकरीचे नाव, तिच्या कामाच्या पाळीची वेळ. ‘मुलीला फक्त आईच्याच ताब्यात द्यावे.’ फोन नंबरचे दहाही आकडे.

“नाही,” त्या म्हणाल्या. “काहीच दिसत नाही.”

मुंगीने मान डोलावली. बूट घालून ती उभी राहिली, दारापर्यंत गेली आणि वळली.

“आईला नका सांगू.”

“का गं?”

“मग परत खोकी भरावी लागतात.”

---

“सापडला ना?” मोठ्या बाई म्हणाल्या. “मग फाडा, जाळा, विषय संपवा.”

कार्यालयाला लागूनच्या आतल्या खोलीत त्या टेबलामागे बसल्या होत्या. कागद त्यांच्या समोर होता. त्यांनी तो एकदाच उजेडात धरून पाहिला होता आणि मग पालथा ठेवला होता.

“आईला सांगायला हवं,” कारकूनबाई म्हणाल्या.

“कशासाठी? नीट विचार करा. कागद शाळेबाहेर गेला...”

“मुंगीच्या पायमोज्यातून गेला आणि आला. तीन दिवस.”

“तिच्याच घरी गेला. बाहेरच्या कोणी पाहिला नाही. एका सात वर्षांच्या पोरीनं वाचला. ती पुढच्या आठवड्यात विसरेल. आणि तुम्ही सांगितलंत, तर ती बाई काय करेल? आज रात्रीत सामान बांधेल. मुलीची तिसरी शाळा ही. इथं कुठं ती जरा बोलायला लागलीय.”

यातले एकही वाक्य खोटे नव्हते. शिवाय जी गोष्ट मोठ्या बाई बोलत नव्हत्या, तीही कारकूनबाईंना दिसत होती. हे पुढे गेले तर चौकशी होईल, चौकशीत पहिले नाव कारकुनाचे लागेल आणि सतरा वर्षे एका ओळीत बसतील. त्यांनी टेबलाच्या कडेवरची धूळ बोटाने पुसली. धूळ नव्हतीच.

“पोरीनं मला विचारलं, दिसतं का,” त्या म्हणाल्या. “मी खोटं सांगितलं. आता आईशीही न बोलता खोटं बोलायचं म्हणजे...” त्यांनी वाक्य सोडून दिले. “तिनं मला विचारलं होतं, कुठं ठेवणार म्हणून. मी सांगितलं होतं, कुलपात. तिचं घर आहे. ते बंद आहे की उघडं, हे तिला माहीत नको?”

मोठ्या बाईंनी दाराकडे पाहिले. तिथून कार्यालयाचे दार दिसत होते आणि दारावरची पाटी.

“सांगायचं तर शाळेची चूक म्हणून सांगा. तुमची म्हणून नको.”

“चूक माझ्या हातची आहे.”

“पाटी माझ्या हातची आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि फाइल उघडली. बोलणे संपले, याची ती त्यांची खूण होती. कारकूनबाई दारापर्यंत पोचल्यावर त्या मान वर न करता म्हणाल्या, “आणि ती बाकीची तेहतीस. तशी टांगू नका.”

मधल्या सुट्टीत सुतळी उतरली. मामांनी वाटीभर खळ शिजवली. पुठ्ठे कापले, आणि तिघांनी मिळून चित्रांच्या पाठी पुठ्ठ्यांवर चिकटवल्या, कडा दाबून दाबून. मामा पहिली दहा चित्रे होईपर्यंत कुरकुरत होते.

“काय ओ, चित्राच्या पाठीला एवढं कोण बघतंय?”

“हे वाचा,” कारकूनबाईंनी एक चित्र उलटे करून त्यांच्यापुढे धरले. ‘पत्नी रुग्णालयात असल्याने...’ मामांनी वाचले. तो अर्ज त्यांच्या शेजाऱ्याचा होता. त्यानंतर ते खळ जास्त लावू लागले.

---

तीनला पालक आले. वऱ्हांडा भरून गेला. ‘हे आमचं घर?’ ‘आणि हा ढगात कोण, मी?’ ‘बाबांना केस का नाहीत?’ ‘बाबांना केस नाहीतच, म्हणून.’ भिंतीला टेकवलेल्या तेहतीस पुठ्ठ्यांसमोर माणसे वाकत होती, फोटो काढत होती. प्रत्येक फोन वर उचलला जाई तेव्हा कारकूनबाईंची नजर त्याच्यामागे जाई.

मुंगीची आई साडेतीनला आली. बाहीवर पीठ होते. ती फाटकातून आत आली, मागे वळून रस्ता पाहिला, आणि मग भिंतीच्या कडेकडेने चालत आली. कारकूनबाईंना आज पहिल्यांदाच कळले की, मुंगी ते चालणे कुठे शिकली.

“जरा आत येता?” त्या म्हणाल्या.

आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मुलीचा हात धरला. दोघी कार्यालयात आल्या. दार उघडेच राहिले, ते लावायचे कोणाला सुचले नाही.

कारकूनबाई उभ्यानेच बोलल्या. गुरुवार, काळी रेघ, ट्रे, शुक्रवार, चित्रे, पायमोजा. काही गाळले नाही, काही मऊ केले नाही. शेवटी काळा कागद टेबलावर ठेवला. “माझ्या हातून झालं,” त्या म्हणाल्या. मुंगी आईच्या मागे होती. तिने कारकूनबाईंकडे एकदाच पाहिले आणि मग ती आपल्या बुटांकडे पाहू लागली.

आईने कागद उचलला आणि थेट उजेडात धरला. ते तिला कोणी सांगण्याची गरज पडली नाही. मग तिने त्याची घडी घातली. चार नाही, आठ. अगदी त्याच खुणांवरून.

“कोणी वाचला?”

“वर्गातल्या एका मुलीनं.”

“सगळा?”

“सगळा.”

“केवढी आहे?”

“सात वर्षांची.”

“सात वर्षांची मुलं सगळं सांगतात,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि राग असता तर बरे झाले असते, असे कारकूनबाईंना वाटले. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होती. सामान किती, गाडी किती वाजता, असा काहीतरी हिशेब त्या नजरेत असावा. “टाइप केलेला नको आता. कोरा फॉर्म आहे का? हातानं भरते. हा आणि तो कुलपातला, दोन्ही माझ्याकडे द्या.”

कारकूनबाईंनी नव्या पुडक्यातला फॉर्म दिला. खाकी पाकीटही दिले. आई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली आणि लिहू लागली. मुलीचे नाव. वर्ग. रक्तगट. आईचे नाव. कोणाच्या ताब्यात द्यावे. मग पत्त्याची चौकट आली आणि पेन तिथे थांबले.

बाहेर वऱ्हांड्यात रेडिओचा आवाज आला. ती आपल्या आजीला ओढत आणत होती.

“आणि हे ऑफिस. आणि ती बघ, ती मुंगी! आत उभी आहे ना, ती. माझ्या बाकावरची.”

“ही होय तुझी मुंगी,” आजी म्हणाली. आवाज प्रेमळ होता. “केवढीशी आहे! एकदा आणायची की गं खेळायला. कुठं राहते ती?”

पेन हलले नाही. कारकूनबाईंनी टेबलाची कड धरली. मुंगी दाराकडे वळली होती. रेडिओ उंबऱ्यापलीकडे उभी होती, तोंड अर्धवट उघडे, पडलेल्या दातांची फट दिसत होती.

“सांग की,” आजी म्हणाली. “तुला तर सगळ्या जगाचं माहीत असतं. परवा म्हणत होतीस ना, तिच्या नावाचा कागद मला वाचता आला म्हणून?”

रेडिओने मुंगीकडे पाहिले.

“मला नव्हता आला वाचता,” ती म्हणाली. “मी उगाच म्हटलं. मला कुठं अजून जोडाक्षरं येतात?”

“अगं, कालच तर पेपर वाचून दाखवलास...”

“ते पाठ होतं,” रेडिओ म्हणाली आणि आजीचा हात ओढत तिला पुढे घेऊन गेली. तिची कानशिले लाल झाली होती.

आईने मान खाली घातली होती. थोड्या वेळाने तिने पेनाला टोपण लावले आणि फॉर्म कारकूनबाईंकडे सरकवला. पत्त्याची चौकट कोरी होती.

“घर तुम्हाला माहीत आहेच,” ती म्हणाली.

“आहे.”

“मग कागदाला कशाला सांगायचं?”

सतरा वर्षांत एकही चौकट रिकामी असलेला फॉर्म कारकूनबाईंनी घेतला नव्हता. त्यांनी शिक्का उघडला, शाईवर दाबला आणि सहीच्या खाली मारला.

“खोकी?” मुंगीने आईला अगदी हळू विचारले.

आईने तिचे दप्तर आपल्या खांद्यावर घेतले. “चल,” ती म्हणाली. “वाटेत बोलू.”

त्या फाटकापर्यंत जाईपर्यंत कारकूनबाई पाहत राहिल्या. मग त्यांनी फॉर्म उलटा केला. मागची बाजू स्वच्छ, पांढरी, कोरी होती. त्यांनी शिक्का पुन्हा शाईवर दाबला आणि त्या बाजूच्या बरोबर मधोमध मारला.